आठवा फोटो

माझ्याकडे माझे अकरा फोटो आहेत. अकराही एकाच माणसाने काढलेले, आणि अकराही फोटोंत माझ्यामागे कुठे ना कुठे आगगाडीची खूण आहे. कुठे इंजिन, कुठे नुसता धूर, एकात तर फक्त सिग्नलचा खांब आणि मी. डोळे सगळीकडे बारीक झालेले, कारण काढणारा दर वेळी मला उन्हाकडे तोंड करून उभा करायचा. परवा सूनबाईंनी पेटी आवरताना ते बाहेर काढले आणि विचारलं, "हे कोणी काढले हो, बाबा?" मी म्हटलं, "होता एक ओळखीचा."

म्हटलं आणि जीभ चावली. इतकी वर्षं झाली, दात पडले, पेन्शन खातोय, तरी तोंडातून निघालं ते तेच! हबीबभाई माझे ओळखीचे नव्हते. चांद्यात मला एकच मित्र होता आणि तो म्हणजे हबीबभाई. त्यांचा स्वतःचा फोटो माझ्याकडे एकही नाही, म्हणून निदान लिहून तरी ठेवतो.

चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. जटपुरा दरवाज्याच्या आत हबीबभाईंचं टिनकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, एक ओटा आणि त्यावर पत्र्याचं छप्पर. रॉकेलच्या चिमण्या, झारे, तेलाची मापं बनवायची आणि कंदील-पेट्रोमॅक्स दुरुस्त करायचे. माणूस उंच, काटकुळा. बोटांवर डाग देताना भाजल्याच्या खुणा. पायजम्याच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप कायम लावलेली, सायकल जवळ नसली तरी. मी शाळेत नवीनच लागलेला भूगोलाचा मास्तर. गॅदरिंगचा पेट्रोमॅक्स भकभक करत होता, तो घेऊन गेलो, तर आत दोरीवर चिमटे लावून फोटो वाळत घातलेले. सगळे इंजिनांचे.

"विकता का हे?" मी विचारलं.

"इकत नाई जी. मी गाडी घेतो."

मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतो. लोक बैलजोडी घेतात, हा गाडी घेतो! पण ते कधीच 'फोटो काढला' असं म्हणायचे नाहीत. "आज केळझरची गाडी घेतली," "परवा मालगाडी घेतली, पन धूर पांढरा पडला," असं बोलायचे. बल्लारशाचा एक रेल्वेवाला गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्यांना आपला डबा कॅमेरा देऊन गेला होता. त्यांनी त्याचे दिवे बरीच वर्षं सांभाळले होते, त्याची बक्षिसी. त्या डब्यात एका रिळाला आठ फोटो निघत. रीळ नागपुराहून टपालानं यायचं, आणि ते भरायला हबीबभाई भर वैशाखात गोधडीत शिरायचे. वरून अमीनाभाभी गोधडीच्या कडेवर बसायच्या, एक फट राहू नये म्हणून.

"एवढं कशाला?" मी एकदा म्हटलं. "सावलीत भरलं तरी चालतं म्हणतात."

आतून आवाज आला, "मास्तर, एकडाव उजेड लागला का समदं जळते. मंग कितीबी रडा, गाडी काई वापस येत नाई."

फोटो धुवायची खोली म्हणजे स्वयंपाकघर. त्यासाठी त्यांनी लाल काचेचा कंदील स्वतः बनवला होता. औषधं ओतायला भाभींच्या चिनीमातीच्या मुलाम्याच्या ताटल्या. भाभी मला साक्षीला धरायच्या: "पाहा ना मास्तरभाऊ, माया तीन ताटल्या खाल्ल्या या मानसानं. पाव्हने आले का मी जेवू कायच्यात घालू? इंजनात?" हबीबभाई मान खाली घालून हसायचे आणि चौथी ताटली हळूच ओढायचे.

दर रविवारी आम्ही निघायचो. मी कसा त्या नादाला लागलो ते मलाही कळलं नाही. मला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण खोलीवर एकटा पडून राहण्यापेक्षा बरं, म्हणून एकदा गेलो आणि मग जातच राहिलो. चांदा फोर्टहून मूल गावाकडे जाणारी छोट्या रुळांची छोटी गाडी केळझरच्या जंगलात चढावर लागली की अशी धापा टाकायची की माणूस उतरून, लघवी करून पुन्हा चढावा. हबीबभाई उतरायचे, गाडीच्या पुढे पळत जायचे, वळणावर बसून फोटो घ्यायचे आणि शेवटच्या डब्यात चढायचे. ड्रायव्हर-फायरमन सगळे त्यांना ओळखत. खूण ठरलेली होती. यांनी काळी छत्री उघडून वर धरली की फायरमननं भट्टीत कोळसा टाकायचा, म्हणजे काळाकुट्ट धूर निघतो. मग ड्रायव्हर दोन छोट्या शिट्ट्या द्यायचा. तो त्यांचा रामराम.

एकदा छत्री त्यांनी माझ्या हाती दिली आणि मी शहाण्यानं गाडी दिसल्याबरोबर उघडली. सगळा धूर वळणाच्या अलीकडेच निघून गेला. इंजिन समोर आलं तेव्हा नळकांड्यातून पांढरी वाफ नुसती. आयुष्यात एकदाच हा माणूस माझ्यावर चिडलेला मी पाहिला.

"धूर वाया घालवला ना बाप्पा! शाळेत का शिकवता तुमी?"

"भूगोल."

"मंग बराबर हाये," म्हणाले, आणि हसत सुटले. त्यांच्या नादात मी गाडी गाठायला विसरलो आणि शेवटी गार्डानं मला काखेत धरून वर ओढलं. डब्यातल्या बाया पदर तोंडाला लावून मूल स्टेशन येईपर्यंत हसत होत्या.

त्यांचे दोन कायदे होते. पहिला, माणसाशिवाय इंजिन घ्यायचं नाही. ड्रायव्हर, फायरमन, कोणीतरी दिसलंच पाहिजे, आणि ज्याचा चेहरा आला त्याला एक प्रत द्यायचीच, ती हातोहात. टपालानं नाही. शंकर नावाच्या फायरमनची बदली झाली होती, तर त्याचा फोटो द्यायला आम्ही मूल गावाहून पाच-सहा मैल सायकली हाणत त्याच्या गावी गेलो. म्हातारी आई बांधीत भाताचं रोवणं करत होती. चिखलाचे हात लुगड्याला पुसून तिनं फोटो धरला, उलटा. हबीबभाईंनी सुलटा केला.

"हा माया शंकर? एवढा काळा कवा झाला बापा?"

"बाई, थो काळा नाई झाला. थो कोळशाचा रंग हाये. घरी येते तवा धुवून येते."

म्हातारी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मले वाटे, गाडीत बसूनच राह्यते दिवसभर. काई काम नसन." आणि रडायलाच लागली. आम्हाला ताक पाजल्याशिवाय तिनं सोडलं नाही. परतताना हबीबभाई म्हणाले, "कामावरचा लेक तिनं आज पाह्यला, मास्तर."

दुसरा कायदा, रिळाचा आठवा फोटो सोबत्याचा. सात गाड्यांचे, आठवा जो बरोबर आला असेल त्याचा. मी म्हणायचो, "अहो, कशाला वाया घालवता? एक गाडी कमी होते." तर म्हणायचे, "जो आपल्यासंगं उन्हात उभा राह्यला त्याले कोन घेईन मंग?" मला उभा करायचे, वाकून डब्याच्या काचेत पाहायचे आणि हातानं खूण करायचे, जरा डावीकडे. "ऊन तोंडावर घ्या, मास्तर. तोंड लपवू नका." त्याचेच हे अकरा फोटो.

बारावा व्हायचा होता तो बल्लारशाच्या पुलावर.

चैत्रात महाकालीची जत्रा भरते. नदीपलीकडून, तेलंगणातून, मराठवाड्यातून लोक लोटतात, आणि त्यांच्यासाठी जत्रेची स्पेशल सुटायची. इंजिनाला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या, खिडक्याखिडक्यांतून झेंडे, आत ढोलकं. ही स्पेशल वर्धा नदीच्या पुलावर घ्यायची, हा हबीबभाईंचा ध्यास होता. एका वर्षी आभाळ आलं. दुसऱ्या वर्षी रीळच वेळेवर पोचलं नाही. तिसऱ्या वर्षी नरसय्या ड्रायव्हर दुकानात येऊन बसला. मोठ्या लायनीवरचा माणूस, पांढऱ्या मिशा, तेलुगु वळणाचं हिंदी. या वर्षी तो रिटायर होत होता आणि जत्रेची स्पेशल तोच आणणार होता.

"हबीबभाई," तो म्हणाला, "तीस साल गाडी चलाया. चलाते वक्त मैं कैसा दिखता, कभी नहीं देखा. ड्रायव्हर को कौन दिखायेगा?"

"मी दाखवीन," हबीबभाई म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले.

त्या सकाळी आम्ही उजाडताच पुलाशी पोचलो. पुलाच्या तोंडाशी एक लोखंडी पाटी होती, इंग्रजीत. हबीबभाईंना उर्दू यायचं, मराठी अडखळत. त्यांनी विचारलं, "मास्तर, का लिवलं हाये?"

मी वाचली. दोन ओळी होत्या. पुलावरून चालू नये, ही पहिली. फोटो घेण्यास मनाई आहे, ही दुसरी.

मी म्हटलं, "पुलावरून चालायचं नाही, असं आहे."

"आपन काई चालत नाई," ते म्हणाले, आणि खाली काठावर जागा शोधू लागले.

का बोललो मी असं? वाईट हेतू नव्हता, देवाशपथ. दोन वर्षं हुकलेली गाडी, म्हाताऱ्या नरसय्याला दिलेला शब्द, इतक्या लांब मारलेल्या सायकली. मला त्यांचं तोंड उतरलेलं पाहायचं नव्हतं. इथे जंगलात कोण येतंय विचारायला, असंही वाटलं. पण नदीच्या पल्याड तोवर निजामाचा मुलूख म्हणूनच लोकांच्या डोक्यात होता, आणि हैदराबाद घ्यायला फौजा येऊन गेल्याला फार वर्षं झाली नव्हती. मी भूगोलाचा मास्तर. हे मला कळायला नको?

स्पेशल आली. तशी गाडी मी पुन्हा पाहिली नाही. हबीबभाईंनी छत्री उघडली, काळा धूर उठला आणि पुलाच्या कमानींवरून मागे लोळत गेला. नरसय्या पाटलुणीवर पांढरा सदरा घालून, कपाळाला भंडारा लावून, खिडकीतून अर्धा बाहेर. दोन शिट्ट्या दिल्या. डब्यांतल्या बाया नदीत पैसे टाकत होत्या आणि आईचा जयजयकार करत होत्या. हबीबभाई एक फोटो घेत होते, कळ फिरवत होते, दुसरा घेत होते. गाडी गेल्यावर डबा छातीशी धरून माझ्याकडे वळले.

"घेतला, मास्तर! नरसय्या घेतला. पुरा घेतला, मिशासगट!"

मग आठवा. मला कुठे उभं करावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि ऊन बरं पडलं होतं म्हणून त्या पाटीपाशीच उभा केला. "ऊन तोंडावर घ्या." मी घेतलं. माझ्या डोक्यामागे पाटी, दोन्ही ओळींसकट.

मी तांब्या घेऊन पाणी आणायला नदीवर उतरलो. वर आलो तर पुलाचा पहारेकरी, एक जमादार आणि एक शिपाई हबीबभाईंना घेरून उभे. जमादाराच्या हातात त्यांची वही होती. गाड्यांच्या वेळा, इंजिनांचे नंबर, कुठल्या वळणावर ऊन किती वाजता येतं, सगळं त्यात उर्दूतून लिहिलेलं.

"पुलाचे फोटो, गाड्यांच्या वेळा, आणि लिपी ही. कोणाले पोचवतो रे हे?" जमादार विचारत होता.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुमी कोन? याच्यासोबत आहात?"

तेव्हा मी नोकरीत कायम व्हायचा होतो. चौकशी, पोलीस, हेडमास्तर, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. ही सबब आहे, मला माहीत आहे. शंकरची आई असती तर ती म्हणाली असती, हा माया मानूस हाये.

मी म्हणालो, "नाही. मी नदीवर आलो होतो. चांद्याला शाळेत मास्तर आहे."

"याले वळखता?"

"दुकान पाहिलंय. कंदील दुरुस्त करतात."

हबीबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की पाटी मास्तरांनी वाचली. तेवढ्यानं ते सुटले असते. ते काही म्हणाले नाहीत. जमादार म्हणाला, "ठीक आहे. रीळ धुवायला पाठवतो. याच्यात कोन कोन आहे, का का आहे, समदं दिसते मंग."

आठवा फोटो! मला आठवलं, आणि मला आठवलं हे त्यांनी माझ्या तोंडावर पाहिलं. कॅमेरा अजून त्यांच्याच गळ्यात होता. जो माणूस वैशाखात गोधडीत शिरून रीळ भरायचा, त्यानं भर उन्हात डब्याची कडी उघडली आणि रीळ ओढून काढलं. हातभर, दोन हात. पूर्ण उकललं आणि सूर्यासमोर धरलं. नरसय्या त्यात होता, मिशांसकट. जत्रेची स्पेशल होती. सगळं जळालं.

जमादारानं त्यांच्या कानशिलात मारली. टोपी खाली पडली. "पुरावा जाळतो का?" म्हणत त्यांना बखोटीला धरून नेलं. आतापर्यंत नुसता संशय होता, आता ते गुन्हेगारच दिसत होते. मी तांब्या हातात धरून उभा. ती टोपीसुद्धा मी उचलली नाही. शिपायानं उचलली.

हबीबभाई आठवडाभर आत होते. घराची झडती झाली, भाभींच्या ताटल्यासुद्धा पालथ्या घालून पाहिल्या. त्यांना सोडवायला गेला तो नरसय्या. युनिफॉर्म घालून, टोपी काखेत धरून ठाण्यात जाऊन उभा राहिला आणि सांगितलं, हा आमचा माणूस आहे, माझ्या सांगण्यावरून आला होता. रिटायर व्हायला महिना उरलेला, पेन्शन अडकली असती, पण गेला. काही सापडलं नाही म्हणून ताकीद देऊन सोडलं. वही परत मिळाली. कॅमेरा मिळाला नाही. नरसय्या स्वतःला न पाहताच आपल्या गावी निघून गेला.

मी दुकानाकडे गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. मग जटपुऱ्याचा रस्ताच सोडला आणि शाळेला लांबून वळसा घालून जाऊ लागलो. पावसाळ्यात माझी कायम झाल्याची ऑर्डर आली. त्या दिवशी शाळेत पेढे वाटले. पेढ्याचा पुडा घेऊन संध्याकाळी जटपुऱ्यापर्यंत गेलोही, तर ओटा रिकामा होता. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, गिऱ्हाईक तुटलं, मूल गावी भाभींच्या भावाकडे गेले. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला पुलावरच्या लाजेहून जास्त वाटते.

त्यानंतर एकदाच दिसले. दीड-दोन वर्षांनी, परीक्षेच्या कामाला मी छोट्या गाडीनं नागभीडकडे चाललो होतो. मूल स्टेशनावर गाडी थांबली. दुपार कलली होती. फलाटाच्या पार टोकाला, इंजिनाच्या पुढे, एक उंच माणूस उभा होता. केस पांढरे झालेले, पायजम्याला क्लिप. गळ्यात काही नव्हतं. गाडी हलली तशी त्यांनी छत्री उघडून वर धरली. इंजिनातून काळाकुट्ट धूर निघाला, दोन छोट्या शिट्ट्या झाल्या. कॅमेरा नसताना हा माणूस नुसता बघायला उभा राहत होता.

माझा डबा हळूहळू त्यांच्यापाशी आला. मी खिडकीत होतो. त्यांनी मला पाहिलं. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. फिरवायलाच हवं होतं. त्यांनी एकदा वर उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे. मग छत्री काखेत धरून उजव्या हातानं खूण केली, जरा डावीकडे.

मी खिडकीची फळी ओढून घेतली.